खुराकाचं पुढे काय होतं?

व्यायामशाळेच्या आत येणारी माणसं एक प्रश्न विचारतात आणि दाराबाहेर थांबणारी दुसरा. आत येणारा पोरगा विचारतो, "सर, दंड कवा भरंल?" त्याच्यामागून आलेली आई उंबऱ्याबाहेरूनच विचारते, "सर, अंडी खातंय, दूध पितंय, ते डब्यातलं पीठ खातंय. ह्याचं पुढं काय हुतं?" पहिल्याचं उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. दुसऱ्याचं अजूनही नाही. दिवाळी अंकासाठी कामातल्या गमती लिहा, असा निरोप आला तेव्हा मी गमती आठवायला बसलो. गमती पुष्कळ निघाल्या, पण हसून झालं की प्रत्येकीच्या तळाशी हीच धास्ती सापडायला लागली. मग म्हटलं, धास्तीविषयीच लिहू.

मी वजनं उचलायला शिकवतो. सकाळी शिरूरला, आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एसटीनं भीमेचा पूल ओलांडून दौंडला. आमच्या खेळात तीनच गोष्टी असतात. खांद्यावर दांडा घेऊन बसायचं आणि उठायचं. बाकावर उताणं झोपून छातीवरून दांडा वर ढकलायचा. आणि जमिनीवरचा दांडा दोन्ही हातांनी मांडीपर्यंत उचलायचा. बघणाऱ्याला यात काही नाट्य दिसत नाही. आमच्या गावाकडचे म्हातारे म्हणतात, कुस्ती बघावी, हे हमालीचं काय बघायचं!

वजन उचलल्यानं स्नायूंना बारीक बारीक इजा होते आणि विश्रांतीत ती भरून येताना स्नायू वाढतो. भरून यायला प्रथिनं लागतात. प्रथिनांना पोरं 'प्रोटीन' म्हणतात आणि जुनी माणसं 'खुराक'. शरीराला लागतं त्याहून जास्त खाल्लं, तर जादाचा भाग जळतो आणि त्याचा कचरा मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात. भीती आहे ती इथं. वर्षानुवर्षं हा जादाचा कचरा गाळून ती गाळणी थकते का? हा प्रश्न मी पुस्तकांत शोधला, डॉक्टरांना विचारला. पण ज्यांच्या पोटात तो खुराक जात होता, ती पोरं असलं काही विचारायला थांबत नव्हती.

त्यांच्या पोटात काहीही जात होतं. आमच्या भागात पोल्ट्र्या रग्गड. वाहतुकीत तडकलेली अंडी स्वस्तात मिळायची, ती सायकलीवर ट्रे बांधून यायची आणि पोरं ती कच्चीच तोंडात फोडायची. रांजणगावच्या कारखान्यांत नोकऱ्या लागल्या, तशी कामगारांच्या बसमधून पिशव्या यायला लागल्या. पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत पिवळसर पूड, वर नाव नाही, गाव नाही. विकणारा म्हणायचा, "इंपोर्टेड हाय, म्हणून नाव न्हाई."

खुटबावचा बाळू पोल्ट्रीवर कामाला होता. महिन्याभरात त्याची छाती बरी भरली, म्हणून मी कौतुकानं विचारलं, "काय खातोस?"

"पेंड."

"कसली पेंड?"

"सोयाबीनची. शेडवरच असती. भिजत घालायची आन् खायाची."

"अरे, ती कोंबड्यांची!"

"व्हय. पण सर, कोंबडी दीड महिन्यात कापायला येती. मी तर दोन वर्षं जोर मारतोय."

"मग तुलाही कापायचंय का?"

सगळी व्यायामशाळा हसली. मीही हसलो. पण त्या खाद्यात औषधं मिसळलेली असतात हे मला ठाऊक होतं. बाळूला पेंड सोडायला लावायला मला जेवढे दिवस लागले, तेवढ्यात एखाद्याची दारू सुटली असती.

माझ्या स्वभावाविषयी इथं सांगायला हवं. माझे वडील, दादा, कारखान्यात फिटर होते आणि सुटीच्या दिवशी पत्रकं लिहायचे. भेसळीच्या तेलाविरुद्ध, गुटख्याविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, ठेकेदाराविरुद्ध. पहिलीच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचली आणि चौकात उभं राहून वाटलीसुद्धा. दादांचं सांगणं असायचं, पत्रकाला शत्रू एकच असावा आणि मथळा वाचताच वाचणाऱ्याची मूठ वळावी. मी तसाच वाढलो. बिननावाची पूड विकणाऱ्याला मी व्यायामशाळेच्या दारातून हाकलून लावलं तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं. पण त्या पुडीत खरंच काय आहे, हे मला तरी कुठं माहीत होतं? आणि नुसत्या अंड्यांचं, दुधाचं, मटणाचं काय? म्हणून मी ठरवलं, सगळ्यांच्या तपासण्या करायच्या.

व्यायामशाळेच्या मंडळाचे अध्यक्ष आप्पा. मांडवगण फराट्याचे बागायतदार, सोसायटीत वजन असलेले, मनानं मोकळे. ते लगेच म्हणाले, "मास्तर, शिबिर घेऊ. स्पर्धेच्या दिवशीच घेऊ."

"आप्पा, एखाद्या साध्या दिवशी घेतलं तर?"

"साध्या दिवशी कोण येतंय? आवं, मांडव हाय, माईक हाय, पाव्हणे हायत. डोळ्यांचं शिबिर जयंतीला घेतलं, रक्तदान वाढदिवसाला. कार्यक्रम असल्याबिगर हितं कुणी जीभसुद्धा दाखवत न्हाई डॉक्टरला."

ते खरंच होतं. आमच्याकडे शिबिर नेहमी कशाला तरी जोडूनच होतं. शिरूरच्या एका तरुण डॉक्टरबाई यायला तयार झाल्या. त्यांनी एकच अट घातली, की लघवीचे नमुने सकाळी, वजनं उचलायच्या आधी घ्यायचे. आम्ही कबूल केलं.

आणि सकाळी एकाही पोराला लघवी होईना.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या खेळात वजनगट असतात. ज्याचं अंगवजन गटाच्या वर जाईल तो बाद. म्हणून आदल्या दिवसापासून पोरं पाणी बंद करतात, स्वेटर घालून उन्हात पळतात, थुंकून थुंकून तोंड कोरडं करतात. सकाळी काट्यावर चढतात तेव्हा त्यांच्या अंगात थेंब नसतो. बाटल्या हातात घेऊन दहा-पंधरा पैलवान मांडवामागच्या बाभळीपाशी उभे. आप्पा माईकवरून सांगतायत, "खेळाडूंनी सहकार्य करावं." एकजण ओरडला, "आप्पा, तुमीच करा सहकार्य, आमचं आटलंय!"

शेवटी ठरलं, स्पर्धा होऊ द्या, पोरं पाणी पितील, मग नमुने घेऊ. डॉक्टरबाई दुसऱ्या टेबलावर बायकांचं रक्त तपासत होत्या. त्यांच्या मदतनिसानं दुपारी बाटल्या गोळा केल्या आणि कागदी पट्ट्या बुडवल्या. लघवीत प्रथिन उतरलं, तर पिवळी पट्टी हिरवी होते. मूत्रपिंडानं जे अडवायला हवं, ते गळायला लागलं असा त्याचा अर्थ.

एक पट्टी हिरवी झाली. दुसरी झाली. मग एकामागून एक. आठ-दहा हिरव्या पट्ट्या टेबलावर ओळीनं पडल्या. ढाली हातात घेतलेली पोरं भोवती गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "किडन्या गेल्या." मग ते वाक्य सगळीकडे फिरलं. एका पोराच्या बापानं सगळ्यांसमोर माझा हात धरला. "सर, तुमच्या भरवशावर सोडलं व्हतं."

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'खुराक नव्हे, विष!' एकच शत्रू, वळलेली मूठ. दादांनी वाचलं आणि म्हणाले, "आत्ता जमलं तुला." सकाळी मजकूर छापखान्यात दिला.

दुपारी डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. त्यांनी बाटल्यांवरच्या वेळा पाहिल्या होत्या. "उचलून झाल्यावर घेतलेत हे नमुने," त्या म्हणाल्या. "जड मेहनतीनंतर निरोगी माणसाच्या लघवीतही प्रथिन दिसतं. एक-दोन दिवसांत जातं. शिवाय ही पोरं सुकलेली होती. या पट्ट्यांवरून काहीच म्हणता येत नाही. आठवडाभर व्यायाम बंद, भरपूर पाणी, आणि सकाळची पहिली लघवी आणा. रक्तदाबही बघते."

मी छापखान्यात जाऊन पत्रक थांबवायला सांगितलं. थांबवलं, रद्द केलं नाही.

आठवड्यानं सगळ्या पट्ट्या पिवळ्या राहिल्या. एक सोडून.

ती यासीनची होती. यासीन दौंडचा, घरचं वेल्डिंगचं वर्कशॉप. आमच्या दौंडच्या व्यायामशाळेतले बाक आणि स्टँड त्यानंच बापाबरोबर जोडलेले. त्याच्याइतकं वजन दोन्ही तालुक्यांत त्या गटात कुणी उचलत नव्हतं. दौंड हे रेल्वेचं गाव. तिथल्या पोराला नोकरी म्हटलं की रेल्वेच दिसते. खेळाडूंसाठी थोड्या जागा निघाल्या होत्या, चाचणी पुढच्या महिन्यात होती, आणि यासीनचं वय पुढच्या वेळी बसणार नव्हतं. ही त्याची शेवटची संधी होती. त्यासाठी तो दोन वर्षं खुराक खात होता. सकाळी अंडी, दुपारी मटण, संध्याकाळी परत अंडी, झोपताना दूध.

त्याचा रक्तदाबही वर होता. डॉक्टरबाईंनी त्याला पुण्याच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मी बरोबर गेलो. ते वयस्कर होते, सावकाश बोलायचे. सगळं तपासून त्यांनी सांगितलं, मूत्रपिंडांना जुना आजार आहे. बहुधा लहानपणी कधीतरी सुरू झालेला, दुखत नाही म्हणून कुणाला कळला नाही. आता रक्तदाबाची गोळी रोज, प्रथिनं मोजकी, अंगदुखीच्या गोळ्या अजिबात नाहीत. आणि दाब आटोक्यात येईपर्यंत श्वास कोंडून जड वजन उचलायचं नाही.

"खुराकानं झालं का?" मी विचारलं. मला 'हो' ऐकायचं होतं. छापखान्यात मजकूर जुळवलेला होता.

"निरोगी मूत्रपिंडं असलेल्या माणसाला असं खाऊन आजार होतो, असं माझ्या पाहण्यात नाही," ते म्हणाले. "आजार आधीपासून असेल, तर मात्र जादा प्रथिनांनी तो लवकर पुढे सरकू शकतो. याच्या बाबतीत किती सरकला, कुणी सांगू शकणार नाही. आणि तुमची मुलं खातात तसं वीस-तीस वर्षं खाल्लं तर काय होतं, तेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. तेवढा काळ कुणी नीट पाहिलेलं नाही."

परतीच्या गाडीत यासीन खिडकीकडे तोंड करून बसला होता. कासुर्डी गेल्यावर बोलला.

"सर, एक महिना. चाचणी झाली की सगळं बंद. गोळ्या खाईन, गवत खाईन."

"दाब एवढा असताना तू दांड्याखाली बसणार?"

"दोन वर्षं बसलोच की. मेलो का?"

"यासीन, माझी सही लागते अर्जावर. मी करणार नाही."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "तुमचं बरं हाय, सर. तुम्हाला पत्रक मिळालं. वाटा. माझं मला उचलू द्या."

तो म्हणाला ते अर्धं तरी खरं होतं. त्याच्या आजारात मला माझा मथळा दिसत होता.

इकडे शिरूरला वेगळंच चाललेलं. पट्ट्या पिवळ्या निघालेल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी अंडी वाढवली. "सर, सर्टिफिकेट मिळालं आता!" ज्यांच्या आया घाबरल्या होत्या, त्यांनी पोरांना व्यायामशाळेतून काढून घेतलं आणि घरचं दूधसुद्धा बंद केलं. एका वाडीतल्या बाईनं पोराचा वरणभात थांबवला, कारण डाळीत प्रोटीन असतं असं तिनं ऐकलं होतं. दोन्हीकडची माणसं माझ्याकडे बोट दाखवत होती. मला वाटायला लागलं, 'विष' छापलं तर निदान एक बाजू तरी गप्प होईल.

छापखानेवाल्याला 'छाप' म्हणायच्या आधी मी दौंडला यासीनच्या घरी गेलो. तो वर्कशॉपात होता. दारात त्याची आई भेटली, तिला मी चाची म्हणतो. चाची मला नेहमी हसून आत घ्यायची. त्या दिवशी तिनं बाहेर ओट्यावरच पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर जमिनीवर बसली.

"सर, खरं सांगा. पोरगा मला काय सांगत न्हाई. गोळ्या कशाच्या?"

मी सांगितलं. आजार काय, पथ्य काय. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अंडी मीच उकडत व्हते. मटण मीच करत व्हते. बाकीच्या पोरांच्या ताटातलं काढून ह्याला वाढलं. तो 'बस' म्हणायचा, तरी मी, 'खा बेटा, रेल्वेत जायचंय' म्हणायची." तिनं पदर डोक्यावर सारखा केला. "म्हंजी मीच त्याला हे घातलं का?"

माझ्या खिशात मजकुराची प्रत होती. खुराक नव्हे, विष. विष म्हटलं की ते कुणीतरी वाढलेलं असतं. माझ्या पत्रकातला शत्रू कोण होता, हे मला त्या ओट्यावर दिसलं. तो पूडवाला नव्हता.

"नाही, चाची," मी म्हणालो. "आजार आधीचा आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग खाण्यानं काय झालं न्हाई?"

इथं मला 'नाही' म्हणता आलं असतं. तिला तेच हवं होतं. "थोडं झालं असेल," मी म्हणालो. "किती, ते कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. आता माहीत झालंय, एवढंच."

यासीन कधी येऊन मागे उभा राहिला कळलं नाही. हातमोजे तसेच होते. तो आईकडे बघत म्हणाला, "अम्मी, मीच मागत व्हतो. तू रडू नको." मग माझ्याकडे न बघता आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "आज वरणभात कर. भूक लागलीया."

चाचणीच्या दिवशी मी दौंडला होतो. तो गेला की नाही, हे मी कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या सहीशिवाय दुसरीकडून अर्ज भरणं त्याला अशक्य नव्हतं. एसटी स्टँडवरून चालत त्याच्या गल्लीपर्यंत गेलो, तर वर्कशॉपातून ग्राइंडरचा आवाज येत होता. बाप बाहेर खाटेवर बसून चहा पीत होता, म्हणजे मशीनवर यासीनच. मी गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि आत न जाता परत फिरलो. त्याची नोकरीची संधी गेली होती. ती वाचवायला माझ्यापाशी काही नव्हतं, आणि त्याचं अभिनंदन करायला जावं इतका निर्लज्ज मी नव्हतो.

पत्रक मी नव्यानं लिहिलं. वजनं उचलायला सुरुवात करण्याआधी रक्तदाब आणि लघवी तपासा, विश्रांतीच्या दिवशी, सकाळी. नंतर दर वर्षी. घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार, साखर किंवा दाब असेल, तर खुराक वाढवण्याआधी डॉक्टरला विचारा. नाव नसलेली पूड खाऊ नका. अंडी उकडूनच खा. अंग दुखतं म्हणून गोळ्या गिळू नका. डाळ, दूध, अंडी घाबरून बंद करू नका, लहान मुलांची तर मुळीच नको. आणि शेवटी लिहिलं, 'तपासण्या चांगल्या असणाऱ्यानं जास्त प्रथिनं खाल्ली तर त्रास होतो असं दिसत नाही. पण फार खाल्लं आणि फार वर्षं खाल्लं तर काय होतं, हे आम्हाला माहीत नाही. जो माहीत आहे म्हणतो, त्याला विचारा की तो काय विकतो.'

दादांनी चष्मा लावून वाचलं. "पत्रकात 'माहीत नाही' असं लिहितात का कुठं? लोक हसतील."

"दादा, खोटं लिहू?"

"खोटं नको. पण गप्प तरी बसावं. शंका छापायला कागद कशाला लागतो?"

आमचा त्यावरून दोन दिवस अबोला होता. पोरं खरोखरच हसली. एकजण म्हणाला, "सर, हे पत्रक हाय का प्रश्नपत्रिका?" आप्पांनी मात्र माईकवरून पूर्ण वाचून दाखवलं आणि पुढचं शिबिर साध्या मंगळवारी घेतलं. फार थोडे आले. आलेल्यांत एकाचा दाब वर निघाला, वेळेत.

काहीजण म्हणतात, तुम्ही उगाच भीती घालता. मी भीती घालत नाही. ती आधीपासून माझ्याच पोटात आहे, रोज सकाळी शटर उघडताना असते. समोर चांगली धडधाकट पोरं उभी असतात आणि त्यांच्यातल्या कुणाच्या आत काय चाललंय, हे बाहेरून दिसत नाही. दंडाचं माप घेता येतं, पण गाळणीचं नाही, ती तपासावी लागते.

यासीन सहा महिने व्यायामशाळेत आला नाही. मग एक दिवस आला, डॉक्टरनं हलक्या वजनाची परवानगी दिली म्हणून. नव्या पोरांना पाठ सरळ कशी ठेवायची ते तो माझ्यापेक्षा बरं शिकवतो. वर्कशॉप आता त्याच्या नावावर चालतं. मूत्रपिंडांचा आकडा बघायला दर काही महिन्यांनी तो रक्त तपासायला जातो तेव्हा मला निरोप देतो. मी जातो. तो मला आत येऊ देत नाही. मी समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहतो आणि प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराकडे बघत राहतो.

परवा बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय?"

"मागच्या येळंएवढंच हाय."

"वाढलं नाही?"

"न्हाई वाढलं." तो बाकड्यावर बसला आणि हसला. "सर, उभी जवानी आकडा वाढावा म्हणून घाम गाळला. आता वाढला न्हाई म्हणून तुम्हाला चहा पाजतोय."

"आणि पुढच्या वेळी?"

"पुढच्या येळचं पुढच्या येळी बघू," तो म्हणाला आणि टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली.